टपावरची होडी

एसटीच्या टपावर सामान चढताना ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना या प्रकरणातली अर्धी गोष्ट आधीच ठाऊक आहे. मागच्या शिडीवरून हमाल वर चढायचा. खालून पोती, ट्रंका, सायकली, कधी एखादा सुटा केलेला पलंग वर जायचा, आणि कॅरिअरच्या कड्यांतून दोर ओवून असा आवळला जायचा की घाटातल्या वळणांवरही काही हलू नये. त्या हमालाला दोन गोष्टी पक्क्या कळायच्या: टप किती पेलेल, आणि दोर कुठून कुठे गेला पाहिजे. ऑस्ट्रेलियात मोटारीच्या टपावर कयाक बांधून पाण्याकडे निघणाऱ्यालाही याच दोन गोष्टी कळाव्या लागतात. मात्र ती एसटी घाटात रांगत चढायची, आणि इथल्या महामार्गावर वेगमर्यादा ताशी 110 किलोमीटर असते. नॉर्दर्न टेरिटरीत तर काही रस्त्यांवर 130.

या देशाची बहुतेक मोठी शहरं किनाऱ्यावर आहेत, आणि किनारा म्हणजे नुसता खुला समुद्र नव्हे. खाड्या, सरोवरं, नदीमुखं, लाटांपासून आडोसा असलेलं उथळ पाणी, हे सगळं शहराला लागूनच असतं. सिडनीत राहणाऱ्याला नॅरबीनचं सरोवर, लेन कोव्ह नदी, रॉयल नॅशनल पार्कमधली ऑडलीची हॅकिंग नदी, उत्तरेला हॉक्सबरीचे फाटे, हे सगळं सकाळी निघून दुपारी जेवायला परत येण्याच्या अंतरावर आहे. हॉक्सबरीवर विंडसर ते ब्रुकलिन अशी 111 किलोमीटरची, रात्रभर चालणारी वल्हवण्याची शर्यत 1977 पासून होत आली आहे. मरे नदीवरची यारावोंगा ते स्वान हिल ही 404 किलोमीटरची शर्यत त्याहून जुनी, 1969 ची. तिथवर जाणारे थोडेच. बाकीच्यांना शनिवारी सकाळी दोन तास संथ पाण्यात वल्हं मारायचं असतं, शेजारून बदक जावं, आणि मुलांनी मोबाइल गाडीत विसरावा.

इथे आलेल्या मराठी कुटुंबांचा प्रवास साधारण एका वाटेनं होतो. आधी बागेतली सहल आणि बार्बेक्यू, मग मुलगी शाळेच्या शिबिरात कयाक चालवायला शिकून येते, मग एकदोनदा भाड्यानं कयाक घेतली जाते, आणि एके दिवशी कुणीतरी वापरलेली कयाक स्वस्तात विकतो आहे असं कळतं. ती घ्यायची ठरते आणि अंगणात उभं राहून सगळे गाडीकडे पाहू लागतात. साडेतीन मीटरची होडी कोणत्याही दारातून आत जाणार नाही. ती टपावरच जाणार.

इथूनच चुकांची सुरुवात होते, कारण बहुतेकांचा क्रम उलटा असतो. आधी कयाक, मग तिच्यासाठी रॅक, आणि मग तो रॅक गाडीवर बसवायचा प्रयत्न. माझं ठाम मत आहे की सुरुवात गाडीच्या हातपुस्तिकेपासून करावी. तिच्यात टपावर जास्तीत जास्त किती किलो वजन चालेल, याचा आकडा दिलेला असतो. बऱ्याच लहान हॅचबॅक आणि सेदान गाड्यांसाठी तो 50 ते 75 किलोंच्या दरम्यान असतो, मोठ्या फोर व्हील ड्राइव्ह गाड्यांसाठी अनेकदा 100 च्या आसपास. दिसायला दणकट म्हणून टपही दणकट, असं समजू नये. सुझुकी जिम्नी डोंगर चढते, ओढे पार करते, पण तिच्या टपाची अधिकृत मर्यादा अवघी 30 किलो आहे. एक जरा भरभक्कम कयाक आणि रॅक मिळून ती सहज ओलांडतात.

हा आकडा वाचून अनेकांना नवल वाटतं. गाडी उलटली तरी चेपू नये असं बांधलेल्या छपराचं 75 किलोंनी काय होणार? उत्तर असं की मर्यादा छप्पर मोडेल म्हणून घातलेली नसते. उभ्या गाडीचं छप्पर त्याच्या कितीतरी पट पेलतं, म्हणून तर टपावर तंबू टाकून माणसं झोपतात. प्रश्न चालत्या गाडीचा आहे. वजन उंचावर गेलं की गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो, वळणावर ती जास्त कलते, अचानक ब्रेक दाबला की वरचं वजन पुढे झेपावतं, आणि ही सगळी ओढ शेवटी रॅकच्या चार पायांवर येते. हातपुस्तिकेतला आकडा या हलत्या वजनाचा असतो.

आता हिशेब मांडू. गाडीची मर्यादा 75 किलो धरा. बसायला वर उघडी जागा असलेल्या, ज्यांना इथे सिट-ऑन-टॉप म्हणतात, अशा दोन प्लास्टिकच्या कयाक, प्रत्येकी 27 किलो, म्हणजे 54. दोन आडव्या दांड्या त्यांच्या पायांसकट 6 किलो. दोन्ही कयाक दांड्यांवर धरून ठेवणाऱ्या धारकांच्या जोड्या मिळून आणखी 6. झाले 66. उरले 9 किलो. परतताना कयाकच्या पोटात साचलेलं पाणी, आतच राहिलेली खुर्ची, टपावर टाकलेली वल्ही, यांत ते 9 किलो कधी संपतात कळत नाही. म्हणून रॅकचं स्वतःचं वजनही मर्यादेत मोजायचं, ही गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. दुकानात ती कुणी आपणहून सांगेलच असं नाही. मासेमारीसाठी बनवलेल्या, पायडल मारून चालवायच्या रुंद कयाक तर एकेकटीच 50 किलोंच्या पुढे जातात. अशा दोन कयाक लहान गाडीच्या टपावर न्यायचा विचारच सोडावा. त्यांची जागा ट्रेलरवर आहे.

आणखी दोन आकडे पाहायचे असतात. दांड्यांच्या संचाची स्वतःची मर्यादा, आणि त्यावर बसणाऱ्या धारकाची. तिन्हींत जो सगळ्यात लहान, तोच आपला आकडा. दांड्या 100 किलो पेलत असतील, पण गाडी 75 म्हणत असेल तर 75. कच्च्या रस्त्यावर जायचं असेल तर रॅक बनवणाऱ्या कंपन्या मर्यादा आणखी खाली आणतात, साधारण दोन-तृतीयांशावर. म्हणजे 75 चे 50. ऑस्ट्रेलियात नदीकाठचे कितीतरी उतार शेवटच्या काही किलोमीटरांत खडीच्या, उंचसखल रस्त्यानं गाठावे लागतात, तेव्हा हा 50 चा आकडाच खरा समजून चालावं.

रॅक टपाला धरतो कसा, ही या विषयातली सगळ्यात गमतीची आणि सगळ्यात दुर्लक्षित बाजू. मुंबईची जुनी काळीपिवळी प्रीमिअर पद्मिनी आठवा. तिच्या पिवळ्या टपावर कॅरिअर असायचा, आणि टपाच्या दोन्ही कडांना पावसाचं पाणी वाहून जाण्यासाठी पत्र्याची बारीक पन्हाळ. या पन्हाळीत पाय रोवून पकड आवळली की काम झालं. जगभरच्या गाड्यांना तेव्हा अशी पन्हाळ होती, त्यामुळे एकच कॅरिअर बहुतेक गाड्यांना चालायचा. पुढे गाड्यांचे आकार गुळगुळीत झाले, हवेचा अडथळा कमी करायच्या नादात पन्हाळ गेली, आणि प्रत्येक मॉडेलच्या टपाचा घाट वेगळा झाला. ऑस्ट्रेलियात पन्हाळ अजून पाहायची असेल तर टोयोटाची 70 सीरिजची लँडक्रूझर पाहावी. खाणींत आणि गुराढोरांच्या मोठ्या शेतांवर राबणारी ती गाडी आजही जुन्या पद्धतीचा रॅक अगदी सहज घेते.

बाकीच्या गाड्यांचे चार प्रकार पडतात. काहींच्या टपावर लांबीच्या दिशेनं उंच रेलिंग असतं, ज्याच्याखालून हात जातो. काहींचं रेलिंग टपाला चिकटलेलं, खाली फट नसलेलं. काहींच्या टपात छोट्या झाकणांखाली बोल्ट लावायच्या जागा दडवलेल्या असतात. आणि काहींचं टप साफ बोडकं, जिथे रॅकचा पाय दाराच्या चौकटीत आकडा अडकवून उभा राहतो. पहिला प्रकार सगळ्यात सोयीचा. चौथा सगळ्यात नाजूक, कारण त्याचा आकडा त्या विशिष्ट मॉडेलसाठीच घडवलेला असावा लागतो, आणि दांडी पुढच्या काचेपासून नेमक्या किती अंतरावर बसवायची तेही सोबतच्या कागदावर दिलेलं असतं. म्हणूनच दुकानदार गाडीचं नुसतं नाव विचारत नाही. वर्ष विचारतो, दारं किती ते विचारतो, काचेचं छप्पर आहे का ते विचारतो. कुणाच्या जुन्या गाडीवरून उतरवलेला रॅक स्वस्तात मिळाला तर दांड्या उपयोगी पडतील, पण पाय आणि त्यांचे आकडे बहुधा नवे घ्यावे लागतील. तिथे पैसे वाचवू नयेत.

या धंद्यातली मोठी नावं कयाकवाल्यांच्या तोंडी असतात. स्वीडनची थुले कंपनी 1942 मध्ये एरिक थुलिन यांनी सुरू केली, आणि तिची पहिली वस्तू रॅक नव्हे, कोळ्यांसाठी पाइक मासा धरायचा सापळा होती. ऱ्हायनो-रॅक ही इथलीच, 1992 मध्ये सिडनीत सुरू झालेली. 2021 मध्ये ती अमेरिकी कंपनीच्या मालकीची झाली. अमेरिकेची याकिमाही सगळीकडे मिळते. यांपैकी कोणती चांगली, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि मी एकच सांगतो: तुमच्या गाडीच्या मॉडेलसाठी जिचा संच नेमका बसतो आणि ऑस्ट्रेलियन मानक ए.एस. 1235 चा उल्लेख जिच्या कागदांवर आहे, ती चांगली.

दांडी चौकोनी पोलादी घ्यावी की विमानाच्या पंखासारखी चपटी ॲल्युमिनिअमची? चौकोनी दांडी स्वस्त आणि मजबूत, पण वाऱ्यात घोंघावते. पंखासारखी दांडी शांत असते आणि तिच्या पाठीवर खाच असते, तिच्यात धारक सरकवून बसवता येतो. रोज गाडीवर राहणार असेल तर दुसरी घ्यावी. महिन्यातून एकदा बसवून काढून ठेवणार असाल तर पहिलीवर फोम गुंडाळूनही उत्तम भागतं. दोन दांड्यांमधलं अंतर मात्र कधीही विसरू नये. लांब वस्तूला दोन आधार जितके दूर तितकी ती स्थिर. 70 सेंटिमीटरपेक्षा अंतर कमी असेल तर पाच मीटरची समुद्री कयाक वाऱ्यात होकायंत्राच्या सुईसारखी डुलू लागते.

इथे यूटचा विषय काढावाच लागतो. पुढे माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा, अशी ही गाडी ऑस्ट्रेलियाची खास आवडती. फोर्डच्या जीलाँगच्या कारखान्यात ल्यू बँट या तरुण अभियंत्यानं 1934 मध्ये ती घडवली. गिप्सलँडमधल्या एका शेतकऱ्याच्या बायकोनं कंपनीला पत्र लिहून रविवारी चर्चला आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील अशी गाडी मागितली होती, अशी गोष्ट इथे आवडीनं सांगितली जाते. 2016 पासून 2022 पर्यंत दर वर्षी या देशात सगळ्यात जास्त खपलेली गाडी टोयोटा हायलक्स हीच होती. यूटवाल्याला वाटतं, आपली गाडी एवढी मोठी, कयाकचं काय ओझं? पण डबल केबिनच्या यूटचंही टप आखूड असतं, दांड्या जवळजवळ बसतात, आणि लांब कयाकला हवा तेवढा आधार मिळत नाही. त्यावर उपाय म्हणजे एक आधार केबिनवर आणि दुसरा मागच्या हौद्यावरच्या चौकटीवर. पण केबिन आणि हौदा खराब रस्त्यावर वेगवेगळे हलतात, म्हणून हौद्यावरच दोन्ही आधार देणारी चौकट मला जास्त पटते.

आता धारक. साधी सपाट पद्धत म्हणजे दांडीवर जाड फोम आणि त्यावर कयाक, बहुधा पालथी. सिट-ऑन-टॉप कयाकला हे चालतं, खर्च जवळजवळ शून्य, आणि वजनही टपाच्या जवळ राहतं. दुसरा प्रकार खोगिरासारखा, कयाकच्या पोटाच्या आकारात वाकणाऱ्या चार गाद्यांचा. समुद्री कयाकसाठी हा मला सगळ्यात योग्य वाटतो, कारण वजन रुंद जागेवर पसरतं. तिसरा इंग्रजी जे अक्षराच्या आकाराचा, ज्यात कयाक कुशीवर तिरकी राहते. याचा फायदा जागेचा आहे. दोन कयाक शेजारी सपाट ठेवल्या तर प्रत्येकी 75 सेंटिमीटर धरून दीड मीटर रुंदी लागते, आणि लहान गाडीवर एवढी दांडी नसते. तिरक्या ठेवल्या की बसतात. शिवाय कयाकची कड तिच्या पोटापेक्षा कणखर असते. तोटा असा की उचलून न्यायची उंची वाढते, बाजूचा वारा जास्त लागतो, आणि या धारकांची मर्यादा बहुधा एका कयाकला 34-35 किलोंच्या आसपास असते. चौथा प्रकार मधोमध उभ्या खांबाचा. त्याच्या दोन्ही बाजूंना कयाक कुशीवर उभ्या टेकवायच्या. तीनचार कयाक न्यायच्या असतील तर हाच सोयीचा, फक्त वजनाचा हिशेब पुन्हा एकदा करावा.

पण धारक निवडताना खरा प्रश्न असतो तो उचलणार कोण, हा. जाताना अंग ताजं असतं. परतताना दोन तास वल्हं मारून खांदे भरून आलेले असतात, वारा सुटलेला असतो, आणि 27 किलोंची निसरडी, ओली वस्तू डोक्याच्या वर न्यायची असते. पाठी दुखावतात त्या परतताना. एकट्यानं चढवायची असेल तर कयाक गाडीच्या मागे आणून तिचं पुढचं टोक मागच्या दांडीवर टेकवावं, मग मागचं टोक उचलून पुढे सरकवावी. म्हणजे एका वेळी अर्धंच वजन हातावर येतं. कोकणात होडीच्या या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात, आणि आधी नाळ टेकवा मग ढकला, एवढं मुलांना शिकवलं की दहा वर्षांचं पोरही मदतीला येतं. मागच्या काचेवर जाड टॉवेल टाकावा, नाहीतर चरे पडतात. मागच्या कडेला बसणारे रूळ मिळतात, ते या कामात फार उपयोगी. दांडीतून बाजूला बाहेर येणारा जादा दांडाही मिळतो, त्यावर आधी एक टोक टेकवता येतं. गॅसच्या दट्ट्यांनी खाली येऊन कयाक वर उचलणारे धारकही आहेत. ते महाग आणि वजनदार, पण गुडघ्याचा किंवा खांद्याचा त्रास असलेल्या माणसाला त्यांच्यामुळे पाण्यावर जाता येत असेल, तर ते पैसे मी वाया गेले म्हणणार नाही. उंच गाडी घेताना हाही विचार करावा. टप जितकं उंच, तितके कयाकचे फेरे कमी होतात, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

बांधण्याच्या कामाला मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो, कारण चांगल्या रॅकवरची वाईट बांधणी दुसऱ्याचा जीव घेऊ शकते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वाहतूक आयोगाच्या लोड रिस्ट्रेंट गाइडमध्ये सामान किती घट्ट धरलेलं असावं याचं माप आहे. पुढच्या दिशेला सामानाच्या वजनाच्या 80 टक्के जोर रोखता आला पाहिजे, बाजूंना आणि मागे 50 टक्के, वरच्या दिशेला 20 टक्के. 25 किलोंच्या कयाकला हे लावून पाहा. जोराच्या ब्रेकला ती 20 किलोंच्या जोरानं पुढे झेपावणार. वरून खाली आवळलेले दोन पट्टे तिला टपावर दाबून ठेवतात, पण पुढे सरकण्यापासून केवळ घर्षणानं रोखतात, आणि ओलं प्लास्टिक कसं सरकतं ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून पुढच्या आणि मागच्या टोकांना स्वतंत्र दोऱ्या हव्यात, त्याही किंचित तिरक्या, पुढची मागे ओढणारी आणि मागची पुढे ओढणारी.

त्यात वाऱ्याची भर. हवेचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी 60 वरून 110 वर गेलं की वेग दुपटीहून कमीच वाढतो, पण वाऱ्याचा जोर 3.3 पटींहून अधिक होतो. गल्लीत घट्ट वाटलेली कयाक महामार्गावर नाक वर उचलू पाहते ती यामुळे. देशाच्या आतल्या भागात 53.5 मीटरपर्यंत लांबीचे रोड ट्रेन, म्हणजे एकामागे एक ट्रेलर जोडलेले ट्रक, धावतात. त्यातला एखादा समोरून गेला की आधी धक्का आणि लगेच ओढ बसते. पुढची दोरी अशा वेळी नाळेला जागेवर ठेवते. तिचा आणखी एक उपयोग आहे: चालकाला ती समोर दिसत असते. ती सैल पडली किंवा नाळ एका बाजूला सरकली तर लगेच कळतं. मात्र या दोरीचं मोकळं टोक लोंबत ठेवू नये. ते चाकाखाली गेलं तर कयाक पुढच्या काचेवर येईल. दोरी अडकवायला आजच्या गाड्यांच्या बंपरखाली काहीच सापडत नाही. त्यासाठी बॉनेटच्या आतल्या बोल्टला लावायचे कापडी फासे मिळतात, वापर नसताना ते बॉनेटखाली दुमडून ठेवता येतात.

पट्टा साध्या दाब-बकलचा घ्यावा, दात असलेल्या रॅचेटचा नको. रॅचेट ट्रकवरच्या लोखंडासाठी आहे. त्यानं माणूस आपल्या ताकदीच्या कितीतरी पट जोर लावू शकतो, आणि प्लास्टिकची कयाक त्याखाली मुकाट्यानं चेपत जाते. ऑस्ट्रेलियात उन्हाचा मुद्दा वेगळाच. सिडनीच्या पश्चिमेला पेनरिथमध्ये 4 जानेवारी 2020 ला सावलीतलं तापमान 48.9 अंशांवर गेलं होतं. अशा दिवशी तापलेल्या टपावर आवळलेली पॉलिथिनची कयाक मऊ पडते आणि दांडीच्या जागी कायमचा खड्डा घेऊन घरी येते. पोहोचलात की पट्टे सैल करा, कयाक उतरवून सावलीत ठेवा. घरीसुद्धा ती पट्ट्यांनी आवळून टपावर दिवसेंदिवस ठेवू नका.

पट्टा कयाकवरून गेल्यावर दांडीखालून घेऊन परत वर आणायचा, धारकाच्या खिळ्यांना नुसता अडकवायचा नाही. धारक निखळला तरी कयाक दांडीला बांधलेली राहिली पाहिजे. सपाट पट्टा वाऱ्यात गुणगुणतो. त्याला एक-दोन पीळ दिले की आवाज थांबतो. बकल काचेवर आपटू नये म्हणून त्याच्याखाली रबराची पट्टी असलेले पट्टे घ्यावेत.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण तपशील राज्यागणिक थोडे बदलतात. सामान गाडीच्या मागे 1.2 मीटरपेक्षा जास्त बाहेर आलं तर टोकाला ठळक लाल झेंडी हवी, रात्री दिवा किंवा परावर्तक हवा. 5.2 मीटरची समुद्री कयाक 4.4 मीटरच्या हॅचबॅकवर बरोबर मधोमध ठेवली तर दोन्हीकडे 40-40 सेंटिमीटरच बाहेर येते, म्हणजे नियमात सहज बसते. पण दांड्या मागे असल्यानं कयाक अनेकदा मागे सरकून बसते, म्हणून टेप घेऊन मोजावं. झेंडी मी कमी लांबीलाही लावतो. मागे उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ते टोक येतं. आणखी एक मोजमाप: कयाक चढवल्यावर गाडीची एकूण उंची किती ते कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा. मॉलच्या तळघरातल्या पार्किंगची उंची 2.2 मीटर किंवा त्याहूनही कमी असते, आणि पाण्यावरून परतताना दूध घ्यायला वळलेल्या गाडीला टपावर कयाक आहे हे दार ओलांडेपर्यंत आठवत नाही. डिकीचं दार वर उघडताना कयाकला लागतं का, तेही घरीच एकदा पाहून घ्यावं.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी मात्र रॅकचा विचार करण्याआधी थांबावं, असं मला वाटतं. साडेतीन मीटरची कयाक ठेवायला गॅरेज नाही, लिफ्टमध्ये ती जात नाही. अशांसाठी घडीची किंवा हवा भरायची कयाक हा कमअस्सल पर्याय नाही. रोझेनहाइमच्या योहानेस क्लेपर या शिंप्यानं 1907 पासून लाकडी सांगाडा आणि कापडी कातड्याच्या घडीच्या कयाक विकल्या, आणि त्या पिशवीत भरून रेल्वेनं नदीकाठी जायच्या. अशाच घडीच्या कयाकमधून ऑस्कर स्पेक हा जर्मन तरुण 1932 मध्ये डॅन्यूब नदीवरच्या उल्महून निघाला. तो इराणी आखातातून कराचीला, तिथून आपल्या पश्चिम किनाऱ्यानं खाली, श्रीलंका, मग पूर्व किनारा, ब्रह्मदेश असं करत 1939 च्या सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेच्या सायबाई बेटावर पोहोचला. सात वर्षं, सुमारे 50 हजार किलोमीटर. युद्ध नुकतंच सुरू झालेलं, त्यामुळे जर्मन म्हणून त्याला पकडून छावणीत ठेवलं गेलं. नंतर तो याच देशात राहिला, आणि त्याचं साहित्य सिडनीच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल मॅरिटाइम म्युझियममध्ये जपलेलं आहे. कोकणच्या किनाऱ्यावरून वल्हवत गेलेली ती होडी पिशवीत मावणारी होती. डिकीत मावणाऱ्या होडीला कमी लेखण्याआधी त्याची आठवण ठेवावी.

रॅक घेतल्यावर त्याची देखभाल थोडी पण नियमित लागते, कारण इथे गाठ बहुधा खाऱ्या पाण्याशी असते. ओल्या कयाकवरून गळणारं खारं पाणी दांडीच्या पायांत शिरतं, तिथे ॲल्युमिनिअम आणि पोलादी स्क्रू एकमेकांना चिकटतात आणि गंज धरतात. घरी आल्यावर कयाकबरोबर रॅकवरही गोड्या पाण्याची नळी फिरवावी. वर्षातून दोनदा पाय काढून त्यांच्याखालची वाळू पुसावी, नाहीतर ती रबराखाली घासत राहते आणि रंग खाते. पुन्हा बसवताना बोल्ट कंपनीनं सांगितलेल्या मापानंच आवळावेत. जास्त आवळणं ही सुरक्षितता नव्हे, बोडक्या टपाच्या गाडीत त्यानं दाराची चौकट दबते. काम नसताना रॅक उतरवून ठेवला तर पेट्रोल वाचतं आणि घोंघावणंही थांबतं.

जर्व्हिस बेला निघालेलो असताना एकदा पंधराएक मिनिटांत टपावरून बारीक गुणगुण ऐकू आली. पट्ट्यांना पीळ दिलेला होता, म्हणजे आवाज यायला नको होता. बाजूला थांबून पाहिलं तर मागचा पट्टा दोन बोटं आत जातील इतका सैल झालेला. घरून निघताना तो घट्ट होता. नवा फोम ओझ्याखाली दबला, कयाक थोडी खाली बसली, आणि पट्टा तेवढ्यानं ढिला पडला. हे प्रत्येक बांधणीत थोडंफार होतं, नव्या आणि जुन्या दोन्ही रॅकवर. म्हणून कयाक चढवून निघालात की पहिल्या पंधरावीस मिनिटांत, महामार्गाला लागण्याआधी, एकदा गाडी थांबवा. खाली उतरा, दोन्ही पट्टे आणि दोन्ही दोऱ्या हातानं ओढून पाहा, कयाक धरून हलवा. ती हलली आणि तिच्याबरोबर गाडीही हलली, तर निघा.